सुपरहिरो चित्रपट-मालिकांचा निर्माता घडतो कसा?

प्रश्न: बी.कॉम. झालंय, कॉमिक्सचं वेड लहानपणापासून आहे, पुण्यात एका जाहिरात संस्थेच्या प्रॉडक्शन विभागात दोन वर्षं काम करतोय. केव्हिन फायगीसारखा सुपरहिरो चित्रपट आणि मालिकांचा निर्माता व्हायचं असेल तर वाट कोणती? आणि घरी पैसा नसेल तर निर्माता होता येतं का?

उत्तर: शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. आपल्याकडे निर्माता म्हटलं की थैली सोडणारा शेठ डोळ्यांसमोर येतो. हॉलिवूडच्या सुपरहिरो चित्रपटात पैसा स्टुडिओचा असतो, पात्र कॉमिक्सच्या प्रकाशकाचं असतं आणि निर्माता हा पगारावर किंवा ठरलेल्या मानधनावर काम करणारा माणूस असतो. मग तो करतो काय? तारखा सांभाळतो. अमुक दिवसापर्यंत कॅमेरा सुरू झाला नाही तर पात्राचा हक्क जाईल, अमुक आठवड्यानंतर नायकाचा पोशाख बदलायचा नाही, अमुक शुक्रवारी चित्रपट लागलाच पाहिजे. दिग्दर्शक, लेखक, कलाकार आणि शेकडो ग्राफिक्सवाले यांच्याकडून त्या तारखांच्या आत निर्णय काढून घेणं, हे त्याचं काम. कॉमिक्स पाठ असली तर उपयोग होतोच, पण तेवढ्यावर भागत नाही.

फायगीचाच प्रवास बघा. जन्म १९७३चा, वाढला न्यू जर्सीत. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या चित्रपट विभागाने त्याचा अर्ज पाच वेळा फेटाळला, सहाव्यांदा घेतला. शिकतानाच तो निर्माती लॉरेन शुलर डोनर आणि दिग्दर्शक रिचर्ड डोनर यांच्या कचेरीत उमेदवारी करू लागला. पुढे लॉरेनचा सहायक म्हणून १९९७चा 'व्होल्कॅनो' आणि १९९८चा 'यूव्ह गॉट मेल' झाले. २०००च्या 'एक्स-मेन'वर तो सहयोगी निर्माता होता, कारण त्या कचेरीत कॉमिक्स इतकी बारकाईने माहीत असलेला तोच होता. त्याच वर्षी मार्व्हल या कॉमिक्स-कंपनीची चित्रपटांची बाजू सांभाळणाऱ्या अवी अराद यांनी त्याला तिथे घेतलं.

यापुढची सात वर्षं लोक एका ओळीत उरकतात. मार्व्हल १९९६च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली होती आणि तिची बिनीची पात्रं विकली गेली होती. स्पायडर-मॅन सोनीकडे, एक्स-मेन आणि फॅन्टास्टिक फोर फॉक्सकडे. त्यामुळे या चित्रपटांच्या बैठकांना मार्व्हलचा माणूस बसायचा, सूचना द्यायचा, पण शेवटचा शब्द स्टुडिओचा. दुसऱ्याच्या पैशावर, दुसऱ्याच्या चुका, त्याही इतक्या जवळून बघायला मिळणं ही या पेशातली सर्वांत स्वस्त शाळा. २००५मध्ये मार्व्हलने मेरिल लिंच या बँकेकडून ५२.५ कोटी डॉलरची कर्जाची सोय केली आणि तारण म्हणून दहा पात्रांचे चित्रपट-हक्क ठेवले. चित्रपट पडले असते तर कॅप्टन अमेरिका आणि ब्लॅक पँथर सावकाराच्या घरी गेले असते. २००७मध्ये फायगी स्टुडिओचा प्रमुख झाला. मे २००८मध्ये 'आयर्न मॅन' आला, खर्च सुमारे १४ कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री सुमारे ५८.५ कोटी.

त्या चित्रपटाची श्रेयनामावली एकदा नीट वाचा. निर्माते अराद आणि फायगी, कार्यकारी निर्मात्यांत लुई डेस्पोझिटो, सहनिर्मात्यांत व्हिक्टोरिया अलोन्सो. पुढची पंधराएक वर्षं मार्व्हल स्टुडिओज चालवण्यात फायगी, डेस्पोझिटो आणि अलोन्सो ही नावं कायम पुढे राहिली, आणि तिघं तीन वेगळ्या दारांतून आले होते. फायगी कथाविकासाच्या टेबलावरून. डेस्पोझिटो सहायक दिग्दर्शकाच्या कामातून, म्हणजे कॉल शीट (कुणी कधी सेटवर यायचं त्याचा रोजचा कागद), शेड्यूल, युनिट हलवणं यातून. अलोन्सो व्हीएफएक्स, म्हणजे पडद्यावरची दृश्यं संगणकावर घडवणाऱ्या, कंपनीतून. तुमची बी.कॉम.ची पदवी आणि दोन वर्षांचं प्रॉडक्शन बघता तुम्हाला दुसरं किंवा तिसरं दार जवळचं आहे. पहिल्या दाराशी गर्दी फार, आणि तिथे निवड बरीचशी ओळखीपाळखीवर.

आता पदांची नावं, कारण चित्रपट आणि मालिका यांत ती जवळजवळ उलटी आहेत.

चित्रपटात 'प्रोड्युसर' सर्वांत वरचा. 'एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर' हे श्रेय पैसा आणणाऱ्याला, हक्क मिळवून देणाऱ्याला किंवा प्रत्यक्ष निर्मितीच्या प्रमुखालाही मिळतं. 'लाइन प्रोड्युसर' रोजचा खर्च आणि युनिट चालवतो. 'असोसिएट' या शब्दामागे काहीही असू शकतं. श्रेयांची ही खैरात वाढल्यावर अमेरिकेतल्या निर्मात्यांच्या संघटनेने, प्रोड्युसर्स गिल्डने, नावापुढे 'पी.जी.ए.' ही छोटी अक्षरं लावायची पद्धत आणली. ती मिळण्यासाठी कामाचं वजन धरतात ते असं: कथाविकास ३० टक्के, पूर्वतयारी २०, चित्रीकरण २०, पोस्ट (चित्रीकरणानंतरचं संकलन, ध्वनी, ग्राफिक्स) आणि प्रसिद्धी ३०. सेटवर खुर्ची टाकून बसणं म्हणजे निर्मिती, हा समज इथेच मोडतो.

मालिकेत मात्र 'प्रोड्युसर' ही बहुतेकदा लेखकांची बढतीची शिडी असते. स्टाफ रायटर, स्टोरी एडिटर, को-प्रोड्युसर, प्रोड्युसर, सुपरवायझिंग प्रोड्युसर, को-एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर आणि टोकाला एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, ज्याच्या हाती मालिका असते त्याला शोरनर म्हणतात. ग्रेग बर्लांटी याच शिडीने चढला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस किशोरवयीनांच्या मालिकेचा लेखक, मग शोरनर, आणि ऑक्टोबर २०१२मध्ये सुपरहिरोची मालिका 'अ‍ॅरो'. म्हणून लिहिता येत नसेल तर अमेरिकन मालिकेत वरपर्यंत जाण्याची स्वप्नं बघू नका. निर्मितीची बाजू सांभाळणारा तिथेही लागतो, त्यालाही चांगला पगार मिळतो, पण मालिका त्याची नसते.

आता हक्क. इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण या प्रकारात करिअर बनतात ती कागदावर.

पात्राचे हक्क थेट विकत घेणं परवडत नाही, म्हणून आधी 'ऑप्शन' घेतात. साधारण १२ ते १८ महिन्यांची मुदत, ती एकदा वाढवायची सोय, आणि खरेदीच्या ठरलेल्या किमतीच्या दहाएक टक्के रक्कम आधी. पहिल्या मुदतीची रक्कम बहुधा किमतीतून वळती होते, वाढीव मुदतीची होत नाही. पूर्ण खरेदी चित्रीकरण सुरू होईल त्या दिवशी. मुदत टळली की हक्क मूळ मालकाकडे परत, आणि तुम्ही पटकथेवर घातलेला पैसा पाण्यात, कारण पटकथा तुमची असली तरी त्यातलं पात्र तुमचं नसतं.

या मुदतीपायी काय घडतं त्याचा नमुना म्हणजे जर्मन निर्माते बर्न्ड आयखिंगर. त्यांनी १९८०च्या दशकात फॅन्टास्टिक फोरचे हक्क घेतले होते, मुदत ३१ डिसेंबर १९९२ला संपत होती. मोठा पैसा उभा राहिना. मग त्यांनी स्वस्तातल्या चित्रपटांचे बादशहा रॉजर कॉर्मन यांना हाताशी धरलं आणि सुमारे दहा लाख डॉलरमध्ये २८ डिसेंबरला कॅमेरा सुरू केला. मुदतीला तीन दिवस बाकी होते. तो चित्रपट पूर्ण झाला, पण कधीच प्रदर्शित झाला नाही. हक्क मात्र टिकले, आणि २००५च्या मोठ्या चित्रपटावर निर्माता म्हणून आयखिंगरचंच नाव आहे. त्यात काम केलेल्या कलाकारांच्या दृष्टीने ही क्रूर थट्टा होती. कागदाच्या दृष्टीने चाल बिनतोड होती. उलट बाजूला फॉक्सने २०१२मध्ये डेअरडेव्हिलचा नवा चित्रपट वेळेत सुरू केला नाही आणि ते पात्र मार्व्हलकडे परत गेलं. सोनीच्या स्पायडर-मॅन करारातही अशी घड्याळं आहेत: आधीच्या चित्रपटापासून ३ वर्षं ९ महिन्यांत पुढच्याचं चित्रीकरण सुरू, ५ वर्षं ९ महिन्यांत प्रदर्शन. एखादा चित्रपट घाईत का काढला, याचं उत्तर पुष्कळदा असल्या कलमात सापडतं.

हक्क एकसंध नसतात, हेही ध्यानात घ्या. चित्रपट, मालिका, अ‍ॅनिमेशन, खेळणी, गेम यांचे तुकडे वेगळे. स्पायडर-मॅनच्या त्याच करारात ४४ मिनिटांपेक्षा लांब भागांची अ‍ॅनिमेशन मालिका सोनीच्या वाट्याला, त्याहून छोट्या भागांची मार्व्हलच्या, इतकी बारीक चिरफाड आहे. शिवाय मूळ निर्मात्यांचे वारस. अमेरिकेच्या १९७६च्या कायद्याने जुनी विक्री काही दशकांनी रद्द करण्याचा हक्क लेखक-चित्रकारांना आणि त्यांच्या वारसांना दिला, १९७८पूर्वीच्या विक्रीसाठी ५६ वर्षांनी. सुपरमॅनच्या दोन जनकांनी तो १९३८मध्ये १३० डॉलरला विकला होता, त्यावरची कोर्टबाजी पिढ्यान्‌पिढ्या चालली. म्हणून मालकीची साखळी पहिल्या अंकापासून आजपर्यंत, एकही कडी न गाळता, वकिलाकडून तपासून घ्यायची. ती पुरी नसेल तर विमा कंपनी पॉलिसी देत नाही, आणि पॉलिसीशिवाय वितरक चित्रपट उचलत नाही.

याच वाटेने आलेला माणूस म्हणजे मायकेल उस्लन. इंडियाना विद्यापीठात त्याने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉमिक्सवर श्रेयांकाचा अभ्यासक्रम शिकवला, कायदा शिकला, युनायटेड आर्टिस्ट्स या स्टुडिओत वकिली केली. १९७९मध्ये बेंजामिन मेल्निकर यांच्याबरोबर बॅटमॅनचे चित्रपट-हक्क घेतले आणि मग स्टुडिओंचे नकार पचवत दहा वर्षं काढली. चित्रपट आला जून १९८९मध्ये, तिकीटविक्री ४१ कोटी डॉलरच्या पुढे. त्यानंतरच्या बॅटमॅन चित्रपटांवर कार्यकारी निर्माता म्हणून त्याचं नाव येत राहिलं. पण या दोघांच्या करारात 'निव्वळ नफ्याचा' वाटा होता, आणि स्टुडिओच्या हिशेबात निव्वळ नफा झालाच नव्हता. वितरणाचं कमिशन, प्रसिद्धी, त्यावरचा वरखर्च, व्याज, बड्या नटाचा एकूण उत्पन्नातला हिस्सा हे सगळं आधी वजा होतं. दोघं कोर्टात गेले, १९९४मध्ये निकाल विरुद्ध लागला. तुम्ही बी.कॉम. आहात, तुम्हाला हे चटकन कळेल: करारातली 'नफा' या शब्दाची व्याख्या पाच-पन्नास पानांची असते आणि ती समोरच्याने लिहिलेली असते. ठरलेली फी मागा, तिकीटविक्रीचे टप्पे गाठल्यावर ठरलेला बोनस मागा, निव्वळ नफ्याचे टक्के शोभेचे समजा.

कागद झाला की पुढचं घोडं अडतं व्हीएफएक्सवर.

मोठ्या सुपरहिरो चित्रपटात ग्राफिक्सचे शॉट दीड-दोन हजार असणं नवलाचं नाही. मार्व्हलच्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये ते अडीच हजारांच्या वर होते. यातला प्रत्येक शॉट ठरलेल्या साखळीतून जातो: मॉडेल, त्यावरचा पोत, हालचालीसाठी सांगाडा, अ‍ॅनिमेशन, कापड-धूर-पाणी यांचं सिम्युलेशन, प्रकाशयोजना, शेवटी कंपोझिटिंग, म्हणजे सगळे थर एका चित्रात जोडणं. वरची कडी बदलली की खालच्या सगळ्या पुन्हा कराव्या लागतात. समजा नायकाच्या छातीवरचं चिन्ह दोन बोटं वर सरकवायचं ठरलं. पूर्वतयारीत हा एका दुपारचा बदल. तीनशे शॉट प्रकाशयोजनेपर्यंत गेल्यावर तोच बदल म्हणजे मॉडेलपासून पुन्हा आणि कित्येक आठवडे. कंपन्या शॉटचा भाव आधी ठरवून घेतात, म्हणून पहिले बदल त्या सोसतात. नंतर बदलाचं वेगळं बिल लावतात, आणि नंतर चांगले कलावंत तुमच्या कामावरून काढून दुसरीकडे लावतात. ते तुम्हाला कुणी सांगत नाही, शॉटवर दिसतं.

त्यामुळे व्हीएफएक्सचा निर्माता पटकथेचा पहिला खर्डा हातात आला की शॉटची यादी करतो, प्रत्येकाला सोपा-मध्यम-अवघड असा शेरा देतो आणि तीन-चार कंपन्यांकडून भाव मागवतो. हाणामाऱ्यांचं प्रीव्हिज, म्हणजे ओबडधोबड अ‍ॅनिमेशन, चित्रीकरणाच्या कित्येक महिने आधी सुरू होतं. सेटवर प्रत्येक मांडणीनंतर राखाडी आणि चकचकीत गोळा कॅमेऱ्यासमोर धरून प्रकाशाची नोंद, सेटचं लेझर स्कॅन, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या उंचीचा तक्ता. सहायक दिग्दर्शक घड्याळाकडे बघत 'दोन मिनिटं कशाला घालवता' म्हणतो. ती दोन मिनिटं वाचवली तर पोस्टमध्ये त्या शॉटचा प्रकाश अंदाजाने जुळवत बसावं लागतं. संकलनातून शॉट बाहेर पाठवताना दोन्ही टोकांना सहसा आठ-आठ फ्रेम जास्त देतात, म्हणजे कटमध्ये किंचित सरकासरकी झाली तरी काम वाया जात नाही. आणि साधा हिशेब: १,२०० शॉट आणि हातात शेवटचे १२ आठवडे असतील तर आठवड्याला शंभर शॉट पक्के मंजूर व्हायला हवेत. चौथ्या आठवड्यात आकडा चाळीसवर असेल तर प्रदर्शनाची तारीख आत्ताच धोक्यात आहे, बाराव्या आठवड्यात नव्हे. हे स्टुडिओला सांगण्याची हिंमत असलेला निर्माता दुर्मिळ, म्हणून त्याला मागणी.

काम एकाच कंपनीला देणं सोयीचं वाटतं, पण कंपन्या बुडतात. ऱ्हिदम अँड ह्यूज फेब्रुवारी २०१३मध्ये दिवाळखोरीत गेली, ऑस्कर मिळण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी. टेक्निकलर फेब्रुवारी २०२५मध्ये कोसळली आणि तिच्या छत्राखालच्या एमपीसीचं काम जगभर थांबलं, भारतातल्या हजारोंच्या नोकऱ्यांसकट. कंपनीच्या आर्थिक तब्येतीची चौकशी करणं आणि महत्त्वाची मॉडेल्स व शॉटची कच्ची सामग्री दर महिन्याला आपल्या ताब्यात घेण्याचं कलम करारात घालणं, हे आता शहाणपणाचं काम झालंय.

पुनर्चित्रीकरण म्हणजे चित्रपट बिघडला, असं बातम्यांत लिहितात. मोठ्या सुपरहिरो चित्रपटांत दोन-चार आठवड्यांचं जादा चित्रीकरण पहिल्याच शेड्यूलमध्ये धरलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. घोटाळा होतो तो नटाच्या तारखांचा. २०१७च्या 'जस्टिस लीग'च्या जादा चित्रीकरणात हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी ठेवलेली होती आणि त्या स्टुडिओने ती काढू दिली नाही. सुपरमॅनचा वरचा ओठ संगणकावर बनवावा लागला, आणि तो विचित्र दिसला. करारात जादा चित्रीकरणासाठी ठरावीक दिवस राखून ठेवताना केस, दाढी आणि वजन यांचंही कलम घालतात ते यासाठी.

मालिकेचं गणित वेगळं. अमेरिकन टीव्हीवर 'अ‍ॅरो'च्या पद्धतीच्या मालिकेचे वर्षाला २२-२३ भाग, ऑक्टोबर ते मे. लेखक उन्हाळ्याच्या तोंडाला जमतात, व्हँकुव्हरमध्ये जुलैपासून कॅमेरा. एका भागाची आठेक दिवस तयारी, तेवढंच किंवा एखाद-दुसरा दिवस जास्त चित्रीकरण, एक भाग सेटवर असताना पुढच्याची तयारी दुसऱ्या दिग्दर्शकाकडे. तासाच्या भागाला दिग्दर्शकाच्या संकलनासाठी दिग्दर्शकांच्या गिल्डच्या नियमाने चार दिवस. मग शोरनरचं संकलन, वाहिनीच्या सूचना, आणि ग्राफिक्सला उरतात ते काही आठवडे. लेखक एका पटकथेने मागे पडले की चार महिन्यांनी सेट रिकामा उभा राहतो, भाडं चालूच. २०१९च्या डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत बर्लांटीच्या मंडळींनी पाच मालिकांमधून जाणारी एकच पाच भागांची कथा काढली. प्रेक्षकांनी कथा बघितली. निर्मितीवाल्यांसाठी ती पाच युनिट, पाच शेड्यूल आणि एका इमारतीतून दुसरीकडे पळवले जाणारे नट यांची कोष्टकं होती.

मार्व्हलने २०२१पासून डिस्ने प्लसवर मालिका आणल्या तेव्हा मात्र ही टीव्हीची शिस्त बाजूला ठेवली. शोरनरऐवजी 'मुख्य लेखक' नेमला, नमुना भाग काढला नाही आणि बराचसा भरवसा पोस्टमध्ये दुरुस्त करण्यावर टाकला. चित्रपटात ते चाललं होतं, सहा-नऊ भागांना चालेना. २०२३च्या हॉलिवूडमधल्या लेखक-कलाकारांच्या संपाच्या काळात 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'चं अर्ध्याहून कमी चित्रीकरण झालं असताना ते थांबवून मुख्य लेखक बदलले, डॅरिओ स्कार्डापेन यांना शोरनर नेमलं, आणि मालिका मार्च २०२५मध्ये आली. २०२३च्याच सप्टेंबरात मार्व्हलच्या सेटवरच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने संघटना बांधली. माझ्या मते हे दोन्ही एकाच दुखण्याचे परिणाम होते: निर्णय पुढे ढकलायची सवय.

चित्रीकरण कुठे करायचं हे निसर्गसौंदर्य बघून ठरत नाही, करसवलत बघून ठरतं. जॉर्जिया राज्य २० टक्के कर-श्रेय देतं आणि राज्याचं बोधचिन्ह दाखवलं की आणखी १०. किमान खर्च ५ लाख डॉलर, आणि ते श्रेय दुसऱ्या करदात्याला विकता येतं. म्हणून मार्व्हलने अटलांटाजवळ तळ ठोकला होता. ब्रिटनमध्ये दर ३४ टक्के दिसतो, पण तो मुख्य खर्चाच्या जास्तीत जास्त ८० टक्क्यांवर लागतो आणि त्यावर २५ टक्के कर आहे. म्हणजे सगळाच खर्च ब्रिटनमध्ये झाला तरी शंभर पौंडांमागे हातात २० पौंड ४० पेन्स. तिथल्या व्हीएफएक्सवर मात्र आता ३९ टक्के आणि ८० टक्क्यांची अट नाही. भारत सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात परदेशी निर्मितीसाठी प्रोत्साहन ४० टक्क्यांपर्यंत नेलं, कमाल ३० कोटी रुपये. जाहिरात वाचून नव्हे, असा हातात येणारा आकडा काढून जो तीन देशांची तुलना एका पानावर मांडतो, त्याला बैठकीत बोलावतात. वाणिज्य पदवीधराला घुसायला ही फट चांगली आहे.

आता तुमच्यापुरतं.

मार्व्हल किंवा डीसीला (सुपरमॅन-बॅटमॅनचे प्रकाशक) कथा लिहून पाठवू नका. न मागवलेली कथा ते कायदेशीर कारणांनी उघडतही नाहीत. मुंबईत डीएनईजीसारख्या व्हीएफएक्स कंपन्यांची मोठी कार्यालयं आहेत, हॉलिवूडच्या सुपरहिरो चित्रपटांचं काम तिथे रोज होतं. तिथे 'प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर' म्हणून शिरा. काम रुक्ष आहे: कुठला शॉट कुणाकडे, कितव्या आवृत्तीवर, परदेशातल्या सुपरवायझरचा शेरा काय, रात्रीच्या कॉलआधी काय पाठवायचं. पण वरची सगळी साखळी याच खुर्चीवरून दिसते. शॉट-नोंदणीचं सॉफ्टवेअर, स्प्रेडशीट आणि मूव्ही मॅजिक या सॉफ्टवेअरवर बजेट व शेड्यूल हे हातात बसायला हवं. कोऑर्डिनेटर, मॅनेजर, मग व्हीएफएक्स प्रोड्युसर, अशी दहाएक वर्षं धरून चाला. शिकायचंच असेल तर कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मितीचा वेगळा विभाग आहे. पुण्याची एफटीआयआय घराजवळ असली तरी तिचा भर दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी असल्या विषयांवर आहे.

दुसरा पर्याय स्वतःचं पात्र. सुपरहिरोला अब्जावधी लागतात, हे मल्याळम लोकांनी खोटं ठरवलं. सोफिया पॉल यांची निर्मिती असलेला 'मिन्नल मुरली' (२०२१) एका गावातल्या शिंप्याभोवती फिरतो. ताकद दाखवणारे शॉट मोजके, बाकी सगळं माणसांचं. दुलकर सलमानच्या कंपनीचा 'लोका' २०२५मध्ये सुमारे ३० कोटींत झाला आणि ३०० कोटींपुढे गेला. मराठीत २०१५ साली 'बाजी' येऊन गेला, पुढे ती वाट कुणी फारशी मळली नाही. लहान बजेटमध्ये पहिला नियम: शक्ती अशी निवडा जी ध्वनी, संकलन आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून दाखवता येईल. उडणं महाग, कापड आणि केस त्याहून महाग, पाणी सर्वांत महाग. राखीव निधी दहा टक्क्यांखाली नेऊ नका. पोशाखाचे किमान तीन जोड धरा, जवळच्या शॉटचा, स्टंटचा (आत पट्टे बसतील इतका सैल) आणि एक जादा. एकच जोड शिवला आणि तो तिसऱ्या दिवशी फाटला की पूर्ण युनिट शिंप्याची वाट बघत बसतं.

आणि लेखक-चित्रकाराशी करार पहिल्या दिवशी करा. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ काढून वाचा. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, हस्तांतरण आपोआप रद्द होतं. चित्रपट उभा राहायला तीन वर्षं लागतात, म्हणून हे वर्षभराचं कलम लागू नाही असं एक वाक्य करारात हवंच. नाव आणि चिन्ह यांची ट्रेडमार्क नोंदणी वेगळी: मनोरंजनासाठी वर्ग ४१, छापील अंकांसाठी १६, कपड्यांसाठी २५, खेळण्यांसाठी २८. पैसे कमी असतील तर ४१ आणि १६ आधी करा, आणि पोस्टर बाहेर पडण्यापूर्वी करा.